ओळीबाहेरचा खांब

पाळक दारखुमांच्या लुंगलेईच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्यांची एक रांग आहे. त्या खिळ्यांवर परिषदांच्या पिशव्या टांगलेल्या असतात. बॅप्टिस्ट मंडळ्यांची, म्हणजे गावोगावच्या चर्चची, परिषद पिशवीशिवाय होत नाही. पिशवीत एक वही, एक पेन, कार्यक्रमपत्रिका आणि गळ्यात घालायचा बिल्ला. वह्या-पेनं नातवंडं पळवतात, बिल्ले कपाटाच्या दांडीला अडकून राहतात आणि पिशव्या पाळकांच्या बायकोच्या, थानपारीच्या ताब्यात जातात. सुवर्णमहोत्सवी पिशवीत तिच्या सुक्या मिरच्या आहेत, हीरकमहोत्सवीत सुकी मासळी.

“अडतीस परिषदा झाल्या तुमच्या, सियामी-पा,” ती म्हणते, “पण जिची चेन धड लागेल अशी एक पिशवी आणली नाहीत.”

सियामी ही त्यांची थोरली मुलगी. पहिलं मूल झालं की मिझो घरात आईबापांची स्वतःची नावं मागे पडतात. बाई ‘सियामी-नू’ होते, बाप्या ‘सियामी-पा’, आणि मग शेजारपाजारच काय, नवराबायकोही एकमेकांना तशीच हाक मारतात. दारखुमांना दारखुमा म्हणून पुकारतात ते फक्त परिषदेत.

वय चौसष्ट. येत्या डिसेंबरात निवृत्ती. ते पाळक झाले तेव्हा एकेका पाळकाकडे सात-सात गावं असायची आणि गावं डोंगरांच्या माथ्यावर, मध्ये दऱ्या. एका गावची उपासना आटोपून दुसऱ्या गावी पोचेपर्यंत गुडघे बोलायला लागत. गारठलेल्या ओढ्यात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्यांनी हजारभर माणसांना बाप्तिस्मा दिला असेल. डुकरं कुणाच्या मळ्यात शिरली यावरून दोन वर्षं न बोलणारे भाऊ त्यांनी एका पाटावर बसवले. उपदेश ते फार लांबवत नसत, त्यामुळे बायका त्यांच्यावर खूश असत.

फक्त एका गोष्टीवरून पाळकांमध्ये त्यांची थट्टा होते. परिषदेत प्रत्येक पाळकाला आपल्या मंडळ्यांचा अहवाल वाचावा लागतो. बाप्तिस्मे इतके, लग्नं इतकी, अर्पण केलेली बाळं इतकी. तोवर दारखुमांचा आवाज खणखणीत असतो. मग ‘मृत्यू’ हा रकाना येतो आणि ते थांबतात. चष्मा काढतात, पुसतात, परत घालतात.

“पाणी न्या रे कुणीतरी,” मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास म्हणतं, “दारखुमा मृत्यूपाशी आले.”

सगळे हसतात. दारखुमाही हसतात आणि आकडा वाचतात.

दुसरी खोड उपदेशाच्या वेळची. मागे एखादं तान्हं रडायला लागलं की ते बोलायचे थांबतात आणि त्या दिशेला बघत राहतात. पाळकांना त्रास होतोय असं समजून आया घाईघाईनं मुलं घेऊन बाहेर जातात. ‘राहू दे, जाऊ नकोस’ असं म्हणायचं प्रत्येक वेळी त्यांच्या ओठांवर येतं. पण तोवर दार लागलेलं असतं.

हे कधीपासून, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. थानपारीलाही नव्हतं. ती तेव्हा दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेलेली होती.

तेव्हा, म्हणजे एकतीस वर्षांपूर्वी, ते लुंगझोलला पाळक होते. गावात बियाकी नावाची एक तरुण मुलगी होती, तिचा नवरा लुआइया शिकारीत पटाईत आणि बोलायला कमी. त्यांना पहिली मुलगी झाली. बॅप्टिस्टांत तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा नसतो. आईबाप बाळाला घेऊन मंडळीपुढे येतात, पाळक त्याला हातात घेऊन नाव मोठ्यानं उच्चारतात, देवाला अर्पण करतात आणि मग ते नाव वहीत चढतं. बियाकीनं बाळाचं नाव एका चिठ्ठीवर लिहून पाळकांना दिलं. त्या रविवारी दारखुमांना दुसऱ्या गावी जावं लागलं. पुढच्या रविवारी पाळकांची बैठक होती. त्याच्या पुढचा रविवार परिषदेचा.

“परिषदेहून आलो की पहिलं तुझंच,” ते बियाकीला म्हणाले होते.

परिषदेला निघायच्या सकाळी जीप दारात उभी होती. टपावर सामान बांधून झालं होतं. मागे लुंगझोलचं गायनपथक कोंबून बसलेलं. दारखुमा पुढच्या सीटवर बसले होते, तेव्हा लुआइया आला आणि खिडकीशी उभा राहिला.

“पहाटे गेली,” तो म्हणाला.

बाळ पाच आठवड्यांचं होतं. मिझोंमध्ये इतक्या लहान मुलाच्या मरणाला वेगळा शब्द आहे. त्याचा अर्थ, वारेच्या मागोमाग गेलेलं. अशा बाळासाठी गावात भोंगा वाजत नाही, खड्डा खणायला गावची पोरं जमत नाहीत, घरात माणसं येऊन बसत नाहीत. आईबाप त्याला गुपचूप पुरतात आणि दुसऱ्या दिवशी शेतावर जातात. जुनी रीत आहे, मंडळ्या येण्याआधीची. पण मंडळ्या आल्या तरी ती गेली नव्हती.

दारखुमांनी खिडकीतून हात बाहेर काढला, लुआइयाच्या खांद्यावर ठेवला आणि दोन मिनिटं प्रार्थना केली. “आठ तासांचा रस्ता आहे,” ते म्हणाले. “आल्यावर येतो घरी.” लुआइयानं मान हलवली. जीप निघाली. वळणावर दारखुमांनी मागे पाहिलं तेव्हा तो तसाच उभा होता, जीपची खिडकी अजून समोर असल्यासारखा.

परिषदेत दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल वाचला. अहवाल आठवडाभर आधी सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता. ‘लुंगझोल मंडळीत या वर्षी देवाच्या कृपेनं एकही मृत्यू नाही.’ त्या ओळीपाशी ते आले तेव्हा पेन त्यांच्या खिशात होतं. ‘एक’ असं करायला कितीसा वेळ लागला असता. पण वारेमागून गेलेलं कुणी मोजत नाही, आणि ही ओळ ते घरी चारदा मोठ्यानं वाचून आले होते. त्यांनी ती तशीच वाचली. मांडवातल्या दोन हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ‘देवाची स्तुती असो’ म्हणालं. पुढच्या रांगेत लुंगझोलचं गायनपथक बसलं होतं, त्यात बियाकीची धाकटी बहीण होती. सगळे टाळ्या वाजवत असताना तिनं मान खाली घातली. तिचा भांग दारखुमांना दिसला, सरळ, पांढरा.

तो भांग मग त्यांच्या मागे लागला. कोणत्याही मांडवात, कोणत्याही व्यासपीठावरून खाली पाहिलं की पुढच्या रांगेत कुठेतरी ती खाली घातलेली मान असे. परत आल्यावर ते बियाकीच्या घरी गेले नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणताना बदलीचा हुकूम आला. सामान बांधताना त्यांनी ती चिठ्ठी शोधली. सापडली नाही. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की चिठ्ठीवर काय लिहिलं होतं तेही आठवत नाही. नाव दोन अक्षरी होतं की तीन, तेसुद्धा नाही. विचारायचं कुणाला? विचारायचं म्हणजे विसरलो हे सांगायचं.

यंदा परिषद लुंगझोलला ठरली. आजवर लुंगझोलचं काही निघालं की दारखुमा दुसऱ्या पाळकाशी पाळी बदलून घेत. या वेळी बदलता येईना. निवृत्त होणाऱ्या पाळकाचा मान म्हणून त्यांच्याकडे रविवारी दुपारी वर्षभरात वारलेल्यांची यादी वाचण्याचं काम आलं होतं. माणसं उभी राहतात, एकेक नाव वाचलं जातं, ज्या घरचं नाव असेल तिथून हुंदका येतो, शेवटी प्रार्थना. पत्र आलं त्या दिवशीच त्यांनी ठरवलं, त्या मुलीचं नाव मिळवायचं आणि यादीत वाचायचं. निवृत्तीआधी एवढं झालंच पाहिजे. आता नाही तर कधीच नाही.

“तब्येत बरी नसेल तर नाही म्हणून कळवा,” थानपारी म्हणाली. “चार दिवस झाले, ताटात हात फिरवताय नुसता.”

“तब्येतीला काय झालंय?”

“मला काय माहीत. मला कधी काय सांगितलंत?”

शुक्रवारी दुपारी सुमो लुंगझोलला पोचली. परिषदेच्या गावी पाहुण्यांना घरोघर वाटून देतात; कोणता पाळक कुठे, ते मांडवाच्या दाराशी कागदावर लावलेलं असतं. जिथे संडास नवा तिथे कार्यकारिणी, जिथे बाई सुगरण तिथे वक्ते, असा साधारण हिशेब असतो. दारखुमांच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘रेमा-पा यांचं घर’. रेमा कोण, त्यांना ठाऊक नव्हतं.

“चला, सोडतो,” सुमोवाला म्हणाला. “वाकड्या खांबाचं घर ना, सगळ्या गावाला माहितीये.”

घर सिमेंटचं होतं, सरकारी योजनेतलं. पुढच्या व्हरांड्याला पाच खांब. चार एका ओळीत आणि एक हातभर पुढे आलेला, अंगणात. त्याच्यासाठी वरचा पत्राही तेवढाच पुढे ओढून घेतलेला.

“दारूबंदीच्या राज्यात गवंडी कसा काय झिंगला देव जाणे,” सुमोवाला हसला आणि पिशवी खाली ठेवून गेला.

त्या पुढे आलेल्या खांबाच्या आतल्या बाजूला, चार हात मोकळ्या जागेत, एक म्हातारा बुटक्या, वेताच्या मोड्यावर बसला होता. त्यानं दारखुमांकडे पाहिलं पण ओळख दाखवली नाही. आतून हात पुसत एक बाई आली. पन्नाशी ओलांडलेली, कमरेला गुंडाळलेलं साधं विणलेलं पुआन, केस घट्ट बांधलेले. दारखुमांनी तिच्या भांगाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

“या, पास्टर,” बियाकी म्हणाली. “प्रवास नीट झाला ना?”

संध्याकाळी मांडवात उपासना झाली. जेवताना शेजारची बाई, झोवी-नू नावाची, वाढायला मदत करत होती. भात, मोहरीच्या पाल्याची पातळ भाजी, धुरावलेलं डुकराचं मांस, मिरचीची चटणी. झोवी-नूचं तोंड एक क्षण बंद नव्हतं.

“बघा पास्टर, रेमा-नूनं तुम्हाला मागून घेतलं. आम्हाला सेक्रेटरी देत होते, ते घोरतात म्हणे. मी म्हटलं, घोरू देत, पण पास्टर दारखुमा मला द्या. तर ही समितीत जाऊन उभी. ‘आमच्याच घरी पाहिजेत.’ आजवर कधी काही मागितलं नाही हिनं, मग समिती तरी काय करणार?”

“भात घाल त्यांना,” बियाकी म्हणाली.

दारखुमांनी मान वर करून बियाकीकडे पाहिलं. तिनं मागून घेतलं होतं.

बाहेरून म्हाताऱ्याची हाक आली. “किमतेई-नू. थंडी वाजतेय गं.”

“आले,” बियाकी म्हणाली आणि चादर घेऊन बाहेर गेली.

“रेमा-पांचं डोकं आता ठिकाणावर नसतं,” झोवी-नूनं आवाज खाली आणला. “मागच्या महिन्यात रेमा ऐझॉलहून आला, तर त्यालाच विचारलं, तू कुणाचा मुलगा. मनाला येईल ती हाक मारतात. पण एक आहे, त्या खांबापाशी कुणी सुपारी खाऊन थुंकलं तर मात्र काठी घेऊन उठतात. तेवढं बरोबर कळतं.”

शनिवारचा दिवस चर्चेचा होता. तरुण मुलांनी उपासनेत गिटार किती मोठ्यानं वाजवावी यावर दोन तास गेले. गर्भार राहून लग्न केलेल्या मुलीला मंडळीबाहेर किती महिने ठेवावं यावर एक तास. पूर्वी दारखुमा अशा चर्चांत मोठ्या हिरिरीनं बोलत. आज ते वहीत रेघा मारत बसले. मंडपात मागे कुठेतरी एक तान्हं मूल रडायला लागलं आणि आई त्याला घेऊन बाहेर गेली. ते त्या आईच्या मागे मागे उठले आणि मांडव सोडून थेट घरी आले.

बियाकी चुलीपाशी पाला निवडत बसली होती. दारखुमा उंबऱ्यावरच बसले.

“बियाकी, मी एक विचारायला आलोय.”

“विचारा की.”

“तुझ्या मुलीचं नाव.”

पाल्याचे देठ मोडायचे तिचे हात थांबले नाहीत. “कोणत्या? मला दोन मुली आहेत. एक लुंगलेईला नर्स आहे, एक इथेच दिलीये.”

“पहिलीचं.”

“कशाला हवंय?”

“उद्या यादी वाचायचीये. तिचं नाव त्यात वाचीन म्हणतो. सगळ्या मंडळ्यांपुढे.”

“यादी यंदा गेलेल्यांची असते, पास्टर.”

“असू दे. मी सांगीन सगळ्यांना. त्या वर्षी मी काय वाचलं तेही सांगीन.”

तिनं पाला टोपलीत टाकला आणि त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

“मग लोक टाळ्या वाजवतील,” ती म्हणाली. “पास्टरनी किती मोठं मन दाखवलं म्हणून. तेव्हाही वाजवल्या होत्या. माझ्या बहिणीनं घरी येऊन सांगितलं. ती त्यानंतर पथकात गायली नाही.”

तिनं टोपली बाजूला सरकवली.

“चिठ्ठी दिली होती मी तुम्हाला. शाळेत असताना मला अक्षराचं बक्षीस होतं. चांगल्या अक्षरात लिहून दिली होती.”

“हरवली. आणि नाव… मी विसरलो. इतकी वर्षं आठवतोय.”

“एकदा दिलंय मी,” बियाकी म्हणाली. “दुसऱ्यांदा नाही देणार. यादीसाठी तर नाहीच.”

“मग मला मागून का घेतलंस?”

तिनं टोपली उचलली. पाला धुवायला पाण्याच्या टाकीकडे जाता जाता म्हणाली, “तुम्ही घरी येतो म्हणाला होतात. म्हटलं, निवृत्त व्हायच्या आधी येऊन तरी जा.”

त्या दिवशी दारखुमांना जेवण गेलं नाही. यादीचा कागद त्यांनी खिशातून काढून चारदा वाचला. त्रेचाळीस नावं. खाली तीन बोटं कोरी जागा. तिथे लिहायला त्यांच्याकडे काही नव्हतं. तिनं दिलं नाही म्हणून नव्हे. तिनं दिलेलं त्यांनी हरवलं म्हणून. एका मंडळीला नव्हे, चाळीस मंडळ्यांना त्यांनी माणसांची नावं लक्षात ठेवायला शिकवलं होतं. नव्या पाळकांच्या वर्गात ते पहिला धडा हाच देत.

रविवारी सकाळी चहाचा पेला घेऊन ते व्हरांड्यात आले. धुकं दरीतून वर येऊन अंगणाच्या कडेला टेकलं होतं. लुआइया मोड्यावर बसला होता, पाठ पुढे आलेल्या खांबाला टेकलेली. तो जमिनीवरची वाळकी पानं एकेक करून वेचत होता आणि शेजारी ढीग लावत होता. व्हरांड्यात दुसरीकडेही पानं पडली होती, चिखलाचे पाय उमटले होते. तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. चार हातांचा तेवढा तुकडा तो स्वच्छ करत होता.

“किमतेई-नू,” त्यानं आत हाक मारली, “झाडू दे गं.”

“देते,” आतून आवाज आला.

दारखुमांनी पेला खाली ठेवला. शुक्रवारपासून ही हाक त्यांच्या कानावर पडत होती. मनाला येईल ती हाक, झोवी-नू म्हणाली होती. पण मन गेलेला माणूस रोज तीच हाक कशी मारेल? मुलगा विसरला, पाहुणे विसरला, आणि हे नाव तेवढं एकतीस वर्षं दिवसातून दहा वेळा. पहिल्या मुलाच्या नावानं आईला हाक मारायची. गावानं दुसऱ्या मुलापासून मोजायला सुरुवात केली. नवऱ्यानं मोजणी बदलली नव्हती.

बियाकी झाडू घेऊन बाहेर आली. दारखुमांचा चेहरा पाहून थांबली.

“इथेच?” त्यांनी विचारलं. पुढे आलेल्या खांबाकडे त्यांनी बोट दाखवलं नाही, पण तिला कळलं.

“तेव्हा बांबूचं घर होतं. घराखाली मोकळी जागा होती. ह्यांनी एकट्यांनीच खणलं.” तिनं झाडू नवऱ्याच्या हातात दिला. “हे घर बांधताना गवंड्यानं सरळ दोरी धरली तर चौथा खांब बरोबर तिच्यावर येत होता. हे दोरीवर आडवे झोपले. गवंडी म्हणाला, सगळ्या गावात आपलं हसं होईल. मी म्हटलं, होऊ दे.”

“गावात कुणाला माहीत नाही?”

“ज्यांना होतं ते गेले. बहीण गेली. आता हे आहेत. आधी ती हाक घरात कुणी नसतानाच मारायचे.” ती लुआइयाकडे बघत होती. तो झाडू उलटा धरून जमीन झाडत होता. तिनं तो सुलटा करून दिला. “डॉक्टर म्हणालेत, फार तर हे वर्ष. हे गेले की मग मी रेमा-नूच.”

मांडवात घंटा झाली. दारखुमांना जायला हवं होतं.

दुपारी त्यांनी यादी वाचली. मांडव उभा राहिला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज कुठे अडखळला नाही. त्रेचाळीस नावं त्यांनी सावकाश, प्रत्येकाला हवा तेवढा वेळ देऊन वाचली. त्रेचाळिसाव्यानंतर ते थांबले. नाव आता त्यांच्यापाशी होतं. जिभेच्या टोकावर होतं. पुढच्या रांगेत कुणाची मान खाली होती, कुणाची वर, त्यांनी पाहिलं. बियाकी भांडी घासायच्या बायकांमध्ये, मांडवाच्या कडेला, हात ओलेच ठेवून उभी होती. ती त्यांच्याकडेच बघत होती आणि तिनं मान अगदी थोडी हलवली. नाही.

त्यांनी कागदाची घडी घातली. माणसं वाट बघत उभी होती. कुणीतरी खोकलं. म्हातारा निवृत्त होतोय, गहिवरला असेल, असं लोकांना वाटलं. मग त्यांनी प्रार्थना केली आणि मांडव खाली बसला. टाळ्या वाजवण्यासारखं काही झालं नव्हतं.

चारच्या सुमारास सुमो अंगणात आली. निरोप द्यायला शेजारच्या बायका जमल्या होत्या, झोवी-नू होती, मंडळीचे दोन वडीलधारे पुढारी होते. कुणी केळी आणली, कुणी हातकोराची लिंबं. बियाकी दारात उभी होती, कुणाशी फारसं न बोलता. सामान टपावर चढलं. दारखुमा पुढच्या सीटवर बसले. खिडकीची काच खाली होती.

तशाच जागी, तशाच खिडकीत, ते पुन्हा बसले होते. फक्त बाहेर लुआइया उभा नव्हता. तो खांबाला टेकून पेंगत होता.

दारखुमांनी दार उघडलं आणि खाली उतरले. अंगण ओलांडून खांबापाशी गेले, स्वच्छ झाडलेल्या तुकड्याच्या कडेला, त्यावर पाय न देता उभे राहिले. मग सगळ्या बायकांना, पुढाऱ्यांना, सुमोवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“किमतेई-नू, येतो मी.”

झोवी-नूनं इकडे तिकडे पाहिलं, पास्टर कुणाला हाक मारताहेत म्हणून. दुसरी एक बाई मागे वळून बघू लागली. दारात उभ्या असलेल्या बियाकीनं पुआनला हात पुसले.

“हं,” ती म्हणाली. रोजच्यासारखं, चुलीपुढून देतात तसं. मग आत गेली आणि त्यांची परिषदेची पिशवी घेऊन बाहेर आली. “ही विसरत होतात.”

झोवी-नू तिच्या तोंडाकडे बघत राहिली. “किमतेई कोण गं?” तिनं हळूच विचारलं. बियाकी तिला काय म्हणाली ते दारखुमांना ऐकू आलं नाही. सुमो सुरू झाली होती. वळणावर त्यांनी मागे पाहिलं. दोघी खांबापाशी उभ्या होत्या, झोवी-नूचा हात बियाकीच्या दंडावर होता.

गाव मागे पडलं. दारखुमांनी पिशवीतली कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, किमतेई. लुंगझोल. अक्षर हलत होतं, रस्ता खराब होता. पानावर नाव एकटंच दिसत होतं. एकतीस वर्षं त्यांना वाटत आलं होतं, की ते एवढ्या एकाच नावाला चुकले. आता नाव हाती आलं आणि त्याच्या खालची ओळ रिकामी दिसली, तशा त्यांना बाकीच्या जागा आठवायला लागल्या. अडतीस अहवाल. किती वर्षं त्यांनी ‘मृत्यू नाही’ म्हणून वाचलं होतं? किती गावांत? दरीपलीकडच्या एका गावी एक बाई होती, बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी शेतावर दिसली होती. कुणी काही बोललं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. दुसऱ्या एका घराचं त्यांना फक्त अंगण आठवलं, नवं उकरलेलं, वर कोंबड्या फिरत असलेल्या. तिसरं घर आठवत होतं की नव्हतं.

मागच्या सीटवर कुणाच्यातरी मांडीवर एक तान्हं मूल रडायला लागलं. आईनं दचकून पाळकांकडे पाहिलं आणि त्याचं तोंड छातीशी धरलं.

“रडू दे,” दारखुमा म्हणाले. “नाव काय त्याचं?”

बाईनं सांगितलं. त्यांनी ते मनात दोनदा म्हणून बघितलं.

खिशातला फोन वाजला. थानपारी होती. “सियामी-पा, कुठवर आलात?”

दारखुमांनी फोन कानाशी घट्ट धरला. ही हाक आयुष्यभर त्यांना आपसूक मिळत आली होती, पाण्यासारखी. ते खिडकीबाहेर बघत होते. डोंगराच्या धारेवर घरं होती, खांबांवर उभी, एका ओळीत, आणि प्रत्येक घराखाली काळोखी मोकळी जागा होती.

“ऐकू येतंय ना?” थानपारी म्हणाली.

“येतंय,” ते म्हणाले. “घरी आलो की तुला एक सांगायचंय. जुनं आहे.”